अकरा महिन्यांचे गभणेजी

दर अकरा महिन्यांनी गभणेजी आम्हाला घराबाहेर काढत असत. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरचं. सकाळी साडेआठला ते ओसरीवर येऊन उभे राहत, खिशातलं घड्याळ काढून बघत आणि घसा खाकरून म्हणत, "राऊतजी, मुदत संपली. ताबा द्या."

मग मी, माझी बायको सुमन आणि आमच्या दोन मुली मिळून दोन खोल्यांतलं सगळं सामान ओसरीवर आणून ठेवायचो. गाद्या, ट्रंका, स्टोव्ह, डबे, देव, सगळं. गभणेजी चपला काढून रिकाम्या खोल्यांतून हिंडत. कोपरे बघत. खुंटीवर राहिलेला टॉवेल दोन बोटांत धरून आणून देत. मग कुलूप लावत आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकत. त्या क्षणी आम्ही कायद्यानं बेघर झालेलो असायचो. रस्त्यानं जाणारा एखादा नवखा माणूस तो पसारा पाहून थांबायचा आणि हळहळून विचारायचा, "काहून गा, मालकाशी भांडण झालं का?" गणेशपेठेतले जुने लोक मात्र सायकलवरून न उतरताच म्हणत, "झाले वाटते अकरा महिने."

बेघरपणाचा तो एक तास आम्ही घरामागच्या खोलीत काढायचो. तिथं मिस्त्रीणबाई राहायच्या. त्या आम्हाला चहा द्यायच्या, मुलींना मुरमुरे द्यायच्या, आणि गभणेजीही सरळ आत शिरून आमच्याच शेजारी सतरंजीवर बसून बशीतून चहा प्यायचे. ज्या माणसानं आम्हाला बाहेर काढलं, तोच आमच्याबरोबर फुर्रकन चहा पितोय, याचं आम्हाला पहिल्या वर्षी नवल वाटलं, पुढं वाटेनासं झालं. बरोबर साडेनऊला ते उठत, नवा कागद काढत, माझी सही घेत, दोन साक्षीदारांच्या सह्या घेत आणि किल्ली हातात देऊन अगदी मनापासून म्हणत, "या, या! घर पसंत आहे ना तुमाले?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला आठदा विचारला गेला. आठही वेळा मी "पसंत आहे" म्हटलं. खरं तर स्वयंपाकघर गळत होतं, पण ते कागदात लिहिलेलं नव्हतं.

आता हे सगळं कशासाठी? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून नवा लागलो होतो. कंपनीची बस गणेशपेठेतून जायची, म्हणून तिथं खोली शोधत आलो. गभणेजींनी पाण्याचा पेला आणि कराराचा कागद एकदमच पुढं केला. म्हणाले, "वर्षावरचा भाड्याचा करार रजिस्ट्री केल्याबिगर उभा राहत नाही. अकरा महिन्याचा राहते. म्हणून अकरा."

"आणि मधला तास कशाला?"

"मधात खंड पायजे. नाही तर उद्या कोणी म्हणन, हे अकरा अन् ते अकरा मिळून एकच करार आहे. म्हणू शकते का नाही? म्हणू शकते! मंग?"

कोण म्हणणार होतं, हे मी विचारलं नाही. मी स्वभावानं ढिला माणूस. कागद म्हटला की मला जांभई येते. लग्नाची पत्रिकासुद्धा मी पुरती वाचली नव्हती, त्यामुळे स्वतःच्या लग्नाला अर्धा तास उशिरा पोचलो. अशा माणसाच्या नशिबी असा घरमालक यावा, यात कोणाची तरी गंमत असावी.

गभणेजी दस्तलेखक होते. नोंदणी कचेरीच्या आवारात टिनाच्या छपराखाली त्यांचं उतरतं मेज असे. विक्रीपत्र, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, काय हवं ते लिहून देत. बुटके, काटकुळे, उन्हाळ्यातही काळा कोट. नागपूरच्या मे महिन्यात काळा कोट घालणारा माणूस एक तर वकील असतो नाही तर आजारी, पण गभणेजींचं कारण वेगळं होतं. त्या कोटाला आतून सात खिसे शिवून घेतलेले होते आणि सातही खिशांत कागद होते.

अक्षर मात्र असं, की बघत राहावं. एकसारखं, सरळ, कुठं खाडाखोड नाही. एखाद्या गड्याचं दोन एकर वावर त्या अक्षरात लिहिलं गेलं की ते वावरसुद्धा नीट नांगरल्यासारखं वाटायचं. खेड्यांतून येणारे लोक आवारात शिरतानाच विचारत, "सात खिशेवाले कुठं बसते?"

त्यांच्या तोंडी एकच प्रश्न कायम असायचा. "लिवलं का?"

कोणीही काहीही सांगो. शेजारच्या पानठेलेवाल्यानं सांगितलं, की माझ्या साल्यानं मला विहिरीत अर्धा हिस्सा दिला. गभणेजी विचारत, "लिवलं का?" तो म्हणे, नाही. "मंग दिलाच नाही." पानठेलेवाल्याचं तोंड एवढंसं होऊन जाई. चार दिवसांनी तो साल्याला घेऊन मेजापुढं हजर होई.

पण म्हणून हा माणूस उठल्यासुटल्या कागद करणारा होता, असं समजू नका. उगाच कागद करणाऱ्यावर तो जास्तच चिडायचा. कोणी सायकल विकल्याचा करार करायला आला की त्याला हाकलून देत. "सायकल तोंडी इकता येते. म्हैस तोंडी इकता येते. मजुरी तोंडी ठरते. तोंडी करारही करारच राहते गा, कायदा काही येडा नाही! पण घर, वावर, जागा?" इथं ते एक बोट वर करत. "घर इकायचं आहे, रजिस्ट्री. फुकट द्यायचं आहे, तरी रजिस्ट्री, अन् वरून दोन साक्षीदार. वर्षावर भाड्यानं द्यायचं आहे, रजिस्ट्री. मृत्युपत्र लिहिल्याबिगर नाही. एवढंच तं ध्यानात ठेवायचं आहे. अन् लोकं काय करते? म्हशीचा कागद करते अन् घर तोंडी देते!"

कागदाची ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरीही सुटत नसे. पोस्टकार्ड लिहिलं की उरलेल्या जागेवर आडव्या रेघा मारून ती बंद करत, नंतर कोणी त्यात ओळ घुसवू नये म्हणून. खाली लिहीत, "एकूण ओळी नऊ. खाडाखोड नाही." त्यांच्या एका दूरच्या मावशीला हे कार्ड मिळालं तेव्हा ती घाबरून कोणाकडून तरी वाचून घ्यायला धावली. मजकूर होता, संत्री पाठवली आहेत, मिळाल्याचं कळवावं.

कोरी जागा त्यांना सहनच व्हायची नाही. "कोरी जागा सोडू नये राऊतजी. कोऱ्या जागेत उद्या कोण काय लिवन, सांगता येत नाही." माझ्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'विशेष छंद' या रकान्यापुढं मी काही लिहिलं नव्हतं, तर त्यांनी स्वतः पेन काढून तिथं रेघ मारली. वर्गात बाईंनी तिला विचारलं, तुला कसलाच छंद नाही का गं?

दुसरी खोड चतुःसीमेची. जमिनीच्या कागदात चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. गभणेजी ते माणसांचंही सांगत. मी एकदा बाजारात हरवलेली माझी छत्री शोधत होतो. ते म्हणाले, "आठवा. पूर्वेस कोण होतं? पश्चिमेस? उत्तरेस भाजीवाली, दक्षिणेस नाली, तं मंग छत्री त्या भाजीवालीपाशीच आहे." आणि छत्री तिथंच सापडली. तेव्हापासून सुमन त्यांना फार मानू लागली.

मीही मानू लागलो, पण त्याला कारण वेगळं. आमच्या कारखान्यातला एक सहकारी, हसतमुख, पाठीवर थाप मारून बोलणारा. हिंगणा रस्त्याला त्याचा प्लॉट होता आणि तो मला विकत द्यायला तयार झाला होता. सगळं ठरलं. मी आनंदानं घरी येऊन सांगितलं. गभणेजींनी विचारलं, "लिवलं का?"

मी म्हटलं, "नाही. तो म्हणाला, आपल्या माणसांत कागद कशाला?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा गभणेजींना संतापलेलं पाहिलं. चेहरा लाल झाला. हातातला पेला त्यांनी इतक्या जोरानं खाली ठेवला, की पाणी सांडलं. "हे बोललं का कोणी, तं समजून घ्या की तिथं कोणाचं तरी वाटोळं होऊन राहिलं! उद्याच्या उद्या त्याले माझ्यापाशी आणा. नाही आला तं प्लॉट विसरा."

तो आला नाही. महिन्याभरात कळलं, की तोच प्लॉट त्यानं तशाच प्रेमानं आणखी दोघांना देऊन ठेवला होता. दोघांच्याही पाठीवर थाप मारून. मी वाचलो. गभणेजींनी मला एकदाही "पाहा, मी म्हटलं होतं" असं ऐकवलं नाही. फक्त पुढच्या अकरा महिन्यांना ताबा घेताना किंचित हसले.

असा हा माणूस. बायको फार पूर्वी वारली, मूलबाळ नाही. धरमपेठेत थोरला भाऊ होता, तोही वारला, त्याचा मुलगा श्रीकांत अधूनमधून यायचा. बाकी त्यांचं जवळचं कोणी नव्हतं. पण ज्यानं अख्ख्या आवाराला कागद करायला लावलं, त्याच्या स्वतःच्या घरात एक माणूस बिनकागदाचं राहत होतं. ते म्हणजे मागच्या खोलीतल्या मिस्त्रीणबाई.

अनसूया सदाशिव मेश्राम हे त्यांचं नाव. नवरा गवंडी होता, सदाशिव मिस्त्री, म्हणून त्या मिस्त्रीणबाई. साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, खाली एक ट्रंक, एक चूल, एवढाच संसार. त्या गोधड्या शिवायच्या. गभणेजींना सकाळ-संध्याकाळची भाकर त्यांच्याकडूनच जायची. त्या गभणेजींना 'मुनशीजी' म्हणायच्या आणि सगळ्या गणेशपेठेत त्यांना न दबणारं हे एकच माणूस होतं. भाकर आणून ठेवताना म्हणायच्या, "मुनशीजी, दोन भाकरी दिल्या. पावती पायजे का?"

मी एकदा सहज विचारलं, "गभणेजी, मिस्त्रीणबाईंचा अकरा महिन्यांचा कागद कधी होतो? मला कधी दिसत नाही."

सात खिशांपैकी एका खिशातून त्यांनी एक घडी काढून दाखवली. बक्षीसपत्राचा मसुदा होता. मागची खोली आणि तिच्यापुढची जागा, चतुःसीमेसकट, अनसूया सदाशिव मेश्राम यांना कायमची दिली असं लिहिलेलं. घड्यांवर कागद फाटत आला होता.

"सहा वर्षं झाले," ते म्हणाले. "बाई अंगठा लावत नाही."

आणि मग मी ते दृश्य दोनतीनदा स्वतः पाहिलं. गभणेजी मसुदा घेऊन मागच्या दारात शिरायचे. "बक्षीसपत्राले घेणाऱ्याची मान्यता लागते बाई. मी जिता असताना लागते. नाही तं माझं देणं फुकट." मिस्त्रीणबाई गोधडीतून मान वर न करता म्हणायच्या, "मले कागद नोको. तुमी राहा म्हणलं, मी राह्यली. आपल्या माणसांत कागद कायले पायजे?"

हे वाक्य मी बोललो तेव्हा पेला आपटणारे गभणेजी बाईंपुढं नुसते उभे राहायचे. रागवायचे नाहीत. कागदाची घडी करायचे, खिशात ठेवायचे आणि परत यायचे. मी एकदा सुचवलं, "मग मृत्युपत्र करा. त्याला तिचा अंगठा लागत नाही."

"ते मेल्यावर चालते. अन् त्याच्यावर भांडणं होते. मले जिता असताना द्यायचं आहे, राऊतजी."

त्या वर्षी उन्हाळा सरताना एका दुपारी ते मेजावरच बसल्या बसल्या वाकडे झाले. मी त्यांना रिक्षानं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? गभणेजी घामानं डबडबलेले, तशाही स्थितीत म्हणाले, "पूर्वेस बगल, पश्चिमेस छातीचं हाड, उत्तरेस गळा, दक्षिणेस बरगडी." डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, बरोबर सांगताहेत, तेवढ्या जागेत तपासा. हृदयाचंच होतं. महिनाभर झोपून राहायला सांगितलं, आणि मला बाहेर बोलावून डॉक्टर म्हणाले, जपा यांना, दुसरा झटका आला तर अवघड आहे.

चौथ्या दिवशी श्रीकांत धरमपेठेतून संत्री घेऊन आला. काकांच्या पायाशी बसला, तब्येत विचारली, अगदी नीट बोलला. जाताना मागच्या अंगणात गेला. मी नळावर पाणी भरत होतो. तो पावलं मोजत होता. मग मिस्त्रीणबाईंच्या दारात उभा राहून त्यानं गोड आवाजात विचारलं, "मावशी, तुमच्याकडे या खोलीचा काही कागद आहे का?"

"नाही बाबू," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "कागद कायले?"

तोही हसला. "बरं, बरं," म्हणाला आणि गेला.

मी बादली तिथंच सोडली आणि आत जाऊन गभणेजींना सांगितलं. सांगायला नको होतं असं आजही वाटतं, आणि सांगितलं ते बरं झालं असंही वाटतं. ते पलंगावर उठून बसले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता दुसरा झटका येतो.

"तेच बोलला का? 'कागद आहे का'? असंच?"

"असंच."

"त्याचा बापही असंच बोलला होता," गभणेजी म्हणाले. आणि मग इतक्या वर्षांत न बोललेली गोष्ट त्यांनी मला सांगितली.

हे घर सदाशिव मिस्त्रीनं बांधलं होतं. गभणेजींच्या वडिलांनी त्याला सांगितलं, "तू घर उभं करून दे, मागची जागा तुझी. तिथं तुझं घर बांध." मिस्त्री म्हणाला होता, मालक, कागद करून देता का? वडील हसले आणि म्हणाले, अरे, आपल्या माणसांत कागद कायले? हे बोलणं झालं तेव्हा तिसरं माणूस एकच हजर होतं. धाकटा मुलगा. हे आमचे गभणेजी, तेव्हा सतरा वर्षांचे. घर उभं राहिलं. वडील अचानक गेले. मिस्त्री जागा मागायला आला, तर थोरल्या भावानं विचारलं, कागद आहे का? मिस्त्री म्हणाला, कागद नाही, पण हा होता ना. भावानं धाकट्याला विचारलं, बाबा असं बोलले होते का?

"मिस्त्रीनं माझ्याकडे पाह्यलं, राऊतजी. काही बोलला नाही. नुसतं पाह्यलं. अन् मी म्हटलं, मले आठवत नाही."

"आता मले कायदा समजते. मी खरं बोललो असतो तरी ती जागा त्याले भेटली नसती. जागा तोंडी देता येत नाही, साक्षीदार शंभर असले तरी. पण त्याले ते थोडीच पायजे होतं त्या वेळेस? त्याले पायजे होतं की मी हो म्हणावं."

मिस्त्री बायकोला घेऊन निघून गेला. पुढं वीस-बावीस वर्षांनी एक बाई कचेरीच्या आवारात अर्ज लिहून घ्यायला आली. गभणेजींनी विचारलं, नवऱ्याचं नाव? ती म्हणाली, सदाशिव मेश्राम, मिस्त्री होते, वारले. गभणेजींनी तो अर्ज पूर्ण केला, मेज बंद केलं आणि तिला घरी घेऊन आले. तोवर वाटणीत हे घर त्यांच्या वाट्याला आलं होतं.

"तिले माहीत नाही," ते म्हणाले. "बापानं दगा दिला, भावानं दिला, एवढंच तिले माहीत आहे. तो तिसरा मी होतो, हे माहीत नाही. माहीत झालं तं माझ्या घरचं पाणी पिणार नाही."

मी ढिला माणूस आहे, सल्ला द्यायच्या भानगडीत पडत नाही. पण त्या दिवशी म्हटलं, "गभणेजी, ते सांगितल्याशिवाय ती अंगठा लावणार नाही. तुम्ही तिला आपलं माणूस म्हणून राहू दिलंय असं ती समजते. तुम्ही फेडायला बसला आहात हे तिला कुठं ठाऊक आहे?"

ते उठले. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. मी त्यांचा हात धरून मागच्या खोलीपर्यंत नेलं आणि दाराशी थांबलो. गभणेजी उभ्यानंच बोलले. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं नीट मांडून देणारा माणूस, स्वतःचं सांगताना तीनदा अडखळला. मसुदा खिशातच राहिला. शेवटी कसंबसं म्हणाले, "मले आठवत होतं बाई. समदं आठवत होतं. मी खोटं बोललो."

मिस्त्रीणबाईंनी सुई गोधडीत खोचली.

"मले ठाव हाय," त्या म्हणाल्या.

गभणेजी बघतच राहिले.

"त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं ह्यांनी. म्हणे, धाकट्याच्या हातात पाण्याचा गिलास होता, तो लटलट कापत होता. पोरगं भावाले भेलं, म्हणे. त्याले बोल लावू नोको. अन् तुमाले काय वाटते मुनशीजी, मले ठाव नसतं तं मी ह्या घराची पायरी चढली असती का? तुमी अर्ज लिवता लिवता थांबले ना, तवाच वळखलं मी तुमाले. तसाच हात कापत होता."

मी दाराशी उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचंही मला सुचलं नाही.

गभणेजी खाली बसले. सतरंजीवरच बसले. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "द्या तो कागद. कुठं लावायचा अंगठा? तुमाले त्याच्यानं झोप लागत असन तं लावते."

गभणेजींनी कागद काढला, पाहिला आणि मान हलवली. "हा नाही. हा फाटला आहे. नवा लिवतो." मग जरा थांबून म्हणाले, "नात्याच्या रकान्यात काय लिवू?"

"जे हाय ते लिवा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

पंधरा दिवसांनी, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, आम्ही चौघं नोंदणी कचेरीत गेलो. साक्षीदार मी आणि सुमन. सारं आवार उठून उभं राहिलं, कारण सात खिशेवाले आज मेजामागं नव्हते, पुढं होते. मी आयुष्यात पहिल्यांदा एक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तेच अक्षर, एकही खाडाखोड नाही. चतुःसीमेच्या खाली ओळ होती, "देणार व घेणार यांचे नाते", आणि पुढं लिहिलं होतं, "भाऊ-बहीण".

लोक कागदात 'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' लिहायला सांगत, तेव्हा गभणेजी त्यांना धुडकावून लावत, हे मी कितीदा ऐकलं होतं. "मानलेलं बिनलेलं काही नाही. असन तं लिवा, नसन तं रेघ मारा." इथं 'मानलेली' नव्हतं. नुसतं बहीण होतं.

नोंदणी करणाऱ्या साहेबांनी कागद चाळला. गभणेजींना ते वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा गभणेजींकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीणबाईंकडे, आणि मग माझ्याकडे वळून रिवाजाप्रमाणे विचारलं, "साक्षीदार, या दोघांना ओळखता?"

"ओळखतो."

"हे भाऊ-बहीण आहेत?"

गभणेजींनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत, नुसतं पाहिलं.

"हो," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं म्हटलं, की पलीकडच्या मेजावरचे कारकूनही मान वर करून बघू लागले. "भाऊ-बहीण आहेत. मी आठ वर्षं एका घरात राहून बघतो आहे."

साहेबांनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "गभणेजी, बक्षीसपत्राला नातं लागतं का?"

"लागत नाही. कोणालेही देता येते."

"मग लिहिलं कशाला?"

ते चालता चालता थांबले. कोटाची गुंडी लावली. "कोरी जागा सोडू नये, राऊतजी," म्हणाले आणि पुढं चालू लागले.

चार महिन्यांनी आमची मुदत संपली. साडेआठला गभणेजी ओसरीवर आले, घड्याळ बघितलं, ताबा मागितला. आम्ही गाद्या, ट्रंका, स्टोव्ह, देव सगळं बाहेर आणलं. त्यांनी कोपरे तपासले, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग नेहमीसारखे आम्ही मागच्या अंगणात गेलो. मुली धावत आत शिरल्या, मागून सुमन, मागून मी.

गभणेजी आले नाहीत. मी वळून पाहिलं, तर ते उंबऱ्याबाहेर उभे होते. चपला काढून, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून.

"काय झालं?" मी विचारलं.

"खोली त्यांची आहे आता," ते म्हणाले. आणि आत बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, येऊ का?"

मिस्त्रीणबाई चुलीपाशी होत्या. चहाचं भांडं उतरवता उतरवता त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या त्यांना मुनशीजी म्हणाल्या नाहीत.

"या ना भाऊ," त्या म्हणाल्या. "इचारता कायले? चहा थंडा होऊन राहिला."